विमलचा हंगाम

दसरा झाला की धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या गच्चीवर उभं राहिलं तरी हवेतला फरक कळतो. दुपार अजून तापलेली असते, पण पहाटे पातळ चादर अंगावर ओढावीशी वाटते. भाजीच्या गाडीवर भरताची हिरवी, पोपटी वांगी येतात. सोनगीरकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून पाहिलं तर हायवेच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला असतो. लोकांना ते दृश्य सुंदर वाटतं, आणि ते आहेही. मला मात्र तो पांढरा रंग दिसला की बोटांची टोकं चुरचुरायला लागतात. सुकलेल्या बोंडाची टोकं किती अणकुचीदार असतात, हे ज्याने एकदा कापूस वेचलाय त्यालाच ठाऊक.

मी शाळेत मराठी शिकवते. शेतीशी माझा संबंध सणावारापुरता. पण सात वर्षांपूर्वी ऐन वेचणीच्या तोंडावर माझे यजमान मोटारसायकलवरून पडले, पाय दोन ठिकाणी मोडला, आणि सोनगीरच्या अलीकडचं आमचं शेत माझ्या अंगावर आलं. मी रजा टाकली आणि गावातल्या घरात जाऊन राहिले. तो एकच हंगाम मी पूर्ण पाहिला. पहिल्या फुटीपासून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटेपर्यंत.

पहिल्याच दिवशी मी उत्साहाने भल्या सकाळी दवाने ओल्या ओळीत शिरले, तर मागून आवाज आला, "अक्का, थांब वं! दहिवर सुकू दे. वला कापूस काया पडस."

ती विमल. आठ बायकांच्या टोळीची मुकादम. वय असेल अडतिसाच्या आसपास, पण चेहरा पन्नाशीचा. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. उंच, काटकुळी, आणि बोलण्याला खंड नाही. मी बोंडाला हिसका देते हे पाहून तिने माझा हात धरला. "ओढू नको. पिकेल केस काढतस ना, तसं हळूच." आणि तिने दाखवलं. तीन बोटं आत गेली, बाहेर आली, आणि बोंडाच्या पाचही पाकळ्या स्वच्छ, रिकाम्या. एका वेळी दोन्ही हातांनी, दोन वेगवेगळ्या झाडांवर. मी पाहतच राहिले. इतके चपळ हात मी त्याआधी फक्त तबलजीचे पाहिले होते.

ती सगळ्यांच्या पुढे असायची. पाठीवर कापसाने फुगलेली झोळी, तोंडात कुणाची तरी नक्कल. सरपंचाची, बस कंडक्टरची, माझीसुद्धा. "अक्का कापूस येचस का वहीवर सही करस?" असं म्हणून ती माझ्यासारखी मान तिरपी करायची, आणि सगळी ओळ हसायची.

एक जण मात्र हसायची नाही. तिची मुलगी रेखा. दहावीत होती. शनिवारी शाळा सुटली की आणि रविवारी पूर्ण दिवस ती वेचायला यायची. आईच्या मागून चालायची, आईच्या घाईत राहून गेलेली बोंडं वेचायची. बाकीच्या बायका बांधावरच्या माठातलं पाणी प्यायच्या. विमलची प्लास्टिकची बाटली निराळी, कडुलिंबाच्या फांदीला टांगलेली. मला वाटलं, बाई स्वच्छतेची आहे. रेखाची नजर सारखी त्या बाटलीकडे जायची, हेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

एके दिवशी टोळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सीताअक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. मशेरीची डबी उघडून त्यांनी चिमूट दातांवर फिरवली आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते पानी नही शे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते आज लपवणार नाही. आभाळ भरून येत होतं. अवेळी पाऊस झाला असता तर फुटलेला कापूस झाडावरच भिजला असता. विमलसारखे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. म्हणून मी गप्प राहिले. पुढे कधीतरी बोलू, असं स्वतःला सांगितलं. तिच्या आजाराचा मला उपयोग होत होता, आणि तो उपयोग मी करून घेत होते. हे वाक्य त्या वेळी मला सुचलं नाही. शेत रिकामं झाल्यावर सुचलं.

पाऊस हुलकावणी देऊन गेला. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारची भाकरी खाऊन सगळ्या उठल्या, विमल उठली नाही. लिंबाखाली आडवी पडली होती, डोक्याखाली अर्धी भरलेली झोळी, पदर बाजूला. रेखा त्या दिवशी शाळेत होती. नेमके शेजारच्या शेताचे मालक बांधावरून चालले होते. ते थांबले, पाहिलं आणि हसून म्हणाले, "वहिनी, मुकादमीणबाईंना जास्त झाली वाटतं."

माझ्या कानशिलांना आग लागली. ते निघून गेल्यावर मी विमलला हलवून उठवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. माझ्या शेतात हे चालणार नाही."

ती उठून बसली. पदर सारखा केला. झोळीतला कापूस ढिगावर रिकामा केला. लुगड्याला चिकटलेले बारीक पुंजकेसुद्धा एकेक करून काढले आणि ढिगावर ठेवले. झोळीची घडी घालून माझ्या पायाशी ठेवली. "येस मी, अक्का," म्हणाली आणि बांधावरून निघाली. सात बायका आपापल्या ओळीकडे वळल्या. तसं पाहिलं तर त्या सातजणींपैकी चौघींच्या कमरेला मशेरीची नाहीतर तंबाखूची डबी होती. ते कुणाला व्यसन वाटत नव्हतं. मलाही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी काढत होते, तेव्हा रेखा आली. शाळेचा गणवेश होता, पण दप्तर नव्हतं.

"मॅडम, आईने सोडली."

"अगं, मग चांगलंच झालं की."

तिने मान हलवली. "तुम्ही येऊ नको म्हटलं त्याच दिवशी सोडली. म्हणाली, मॅडमसमोर मान वर करून जाईन. पण काल दुपारपासून ती भिंतीवरून कापूस वेचतेय."

मी रांगोळीची वाटी तशीच ठेवून तिच्यामागे गेले.

विमलचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. एकच खोली. आत शिरल्यावर जाणवलं ते रिकामपण. चुलीशी एक तवा, एक पातेलं, दोन ताटल्या. देवाच्या फळीवर देव नव्हते, नुसती फळी होती. रेखाची पुस्तकं तेवढी एका खोक्यात नीट रचलेली. शिलाई मशीन होतं, पितळी हंडा होता, पलंग होता, असं रेखाने पुढे कधीतरी सांगितलं. काही नवरा असताना गेलं, काही नंतर. दोघांत मिळून घर बाटलीत गेलं होतं.

आणि भिंतीपाशी विमल उभी होती. तीच तीन बोटं, तसंच हळूच आत जाणं, तसंच अलगद काढणं. पोपडे आलेल्या मातीच्या भिंतीवरून ती काहीतरी वेचत होती आणि पदराच्या ओच्यात टाकत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, सगळं अंग थरथरत होतं. मला पाहून तिचे डोळे चमकले.

"अक्का, उनी का? देख, वर बी फुटेल शे. निसनी आन."

शिडी आण म्हणत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तव्यावर ठेवावा तसा तो भाजला.

कापूस न्यायला आलेल्या टेम्पोतूनच आम्ही तिला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मागच्या हौद्यात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि तिची बोटं वाटभर माझ्या साडीवरून कापूस वेचत होती. रेखा तिचे पाय धरून बसली होती. रडत नव्हती. फक्त दर थोड्या वेळाने म्हणायची, "आई, मी आहे." पंधरा वर्षांच्या मुलीने असं का म्हणावं, असं माझ्या मनात येत राहिलं. हे तर आयांनी म्हणायचं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "एकदम बंद केली ना? इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात तोडली तर जीवही जातो. औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते."

मी शिकलेली बाई. इतकी वर्षं शाळेत व्यसनमुक्तीचे निबंध तपासत आले. 'मनाचा निर्धार' या शब्दांखाली लाल शाईने कितीदा 'छान' लिहिलं असेल. विमलने निर्धारच केला होता, आणि तो निर्धार तिला मारायला निघाला होता.

शुद्धीवर यायला तिला तीन दिवस लागले. त्या मजल्यावर दारूचे आणखी पाचसहा पेशंट होते, सगळे पुरुष. प्रत्येकाजवळ बायको. कुणी डब्यातून खिचडी भरवतेय, कुणी पाय चेपतेय, कुणी नवऱ्याची उलटी पुसतेय आणि वर त्याच्याच शिव्या खातेय. त्या बायका आपसात बोलायच्या, एकमेकींना चहा द्यायच्या. विमलच्या खाटेकडे मात्र पाहायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. "बाई पिते?" एकीने दुसरीला विचारलं, आवाज न उतरवता. "अन् पोरीची माय शे."

विमलने ते ऐकलं. मग माझ्याकडे वळून, न विचारता, बोलायला लागली.

"मना नवरा हायवेवर ट्रक भरे. रोज बाटली लई ये. बाटलीमा थोडी ऱ्हायनी का मीच पी टाकू. म्हनं, तेवढी तरी त्याना पोटमा जावाले नको." ओठांवरून जीभ फिरवली. "मंग ती माले कव्हय लागी गयी, समजनंच नही."

नवऱ्याला वाचवायला त्याचं विष स्वतः प्यायची, हे ती अशा आवाजात सांगत होती जसं कुणी म्हणेल, उरलेली भाजी वाया जायला नको म्हणून खाऊन टाकली.

"तो मरना तव्हय बठ्ठा गाव मनाकडे उना," ती म्हणाली. "बिचारी, दारुड्याना हातखाल जलम गया, म्हनेत. मंग त्यास्ले समजनं मी बी पेस. तव्हयपासून कोनी लगीनले बी बलावत नही." आणि मग एकदम, "सकायले दोन घोट नही लिधात तं बोटं धरतसच नही, अक्का. तुले वाटे मी लई भारी येचस."

मी तिचा हात हातात घेतला. बोटांवर इतक्या चिरा होत्या की कातडं खरवडल्यासारखं लागत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, हिला इथून थेट व्यसनमुक्ती केंद्रात महिना दोन महिने ठेवायला हवं. मी वऱ्हांड्यात उभी राहून फोन करत गेले. पहिल्या ठिकाणी सगळं नीट बोलणं झालं, पेशंटचं वय विचारलं, किती वर्षांची सवय विचारलं. मग नाव विचारलं. "बाई आहे का? नाही हो मॅडम, आमच्याकडे फक्त जेन्ट्स." दुसरीकडे तेच. तिसऱ्या ठिकाणचा माणूस चांगला होता, दिलगिरीने म्हणाला, "बायका आमच्याकडे येतच नाहीत, म्हणून त्यांची सोय केली नाही." बायकांची सोय असलेलं एक ठिकाण कळलं, पण ते इतकं लांब की रेखाला मागे एकटीला ठेवून जावं लागलं असतं. आत येऊन मी हे सांगितलं, ते विमलने ऐकून घेतलं. म्हणाली, "सोय नही म्हनीसन बाया जातीन नही, अन् बाया जातीन नही म्हनीसन सोय नही." आणि किंचित हसली. दवाखान्यातलं तिचं ते एकच हसू.

ती परत आली. मीच तिला शेतात बोलावलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रेखा आपल्या कंपासपेटीत ठेवायची आणि रोज सकाळी आईला समोर बसवून द्यायची. विमल आता ओळीत सगळ्यांच्या मागे असायची. हात मंद झाले होते, नकला बंद झाल्या होत्या, मधेच उभी राहून ती आपल्या थरथरणाऱ्या बोटांकडे पाहायची, कुणा परक्याची असल्यासारखी. पण लिंबाच्या फांदीला बाटली नव्हती. माठातलं पाणी ती सगळ्यांच्याच पेल्याने प्यायची. पहिल्या दिवशी तिने पेला उचलला, तेव्हा दोघीतिघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. सीताअक्कांनी तिच्या हातातून तो घेतला, न विसळता त्याच पेल्याने पाणी प्यायल्या आणि पुढच्या बाईला दिला.

थंडी वाढत गेली. सकाळी बोंडांवर दहिवर इतकं असायचं की शेत धुतल्यासारखं दिसायचं. दूर सोनगीरचा किल्ला धुक्यातून अर्धाच वर आलेला. आम्ही बांधावर शेकोटीभोवती बसून दहिवर सुकायची वाट पाहायचो. त्या सकाळी विमल हळूहळू बोलायला लागली. रेखाला शिकवायचं, पण कापूस वेचायला लावायचं नाही, हे तिचं एकच म्हणणं. "तिना हात देख, अक्का. पाटीवर लिखाना हात शेत."

शेवटच्या वेचणीच्या दिवशी भरीत केलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, सालं काढली. भरीत ठेचायची लाकडी बडगी आणि मुसळ घेऊन कोण बसणार, म्हणून सगळ्या थांबल्या, आणि विमल बसली. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तिच्या मुसळाचा ताल. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तिने एकेकीला भरीत वाढलं. सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं. खाता खाता कुणीतरी माझ्या वेचण्याचा विषय काढला, आणि विमल उठली, मान तिरपी केली, हवेत सही केली. बायका इतक्या हसल्या की सीताअक्कांना ठसका लागला. त्या दिवशी पहिल्यांदा मी रेखाला हसताना पाहिलं. आईसारखंच, तोंडावर हात न धरता.

इथे मला थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण हंगाम संपतो. पऱ्हाट्या उपटल्या, यजमानांच्या पायाचं प्लास्टर निघालं, मी देवपूरला परतले. शाळा, परीक्षा, पेपरांचे गठ्ठे. होळीनंतर विमलचा शेजारणीच्या मोबाइलवरून फोन आला. "अक्का, काही काम शे का?" त्या दिवसांत वेचणाऱ्या बायकांना आमच्या भागात काम नसतं. शेतं उघडी पडलेली असतात. मी म्हणाले, बघते, कळवते. महिन्याने तिचा पुन्हा फोन आला. मी पुन्हा तेच म्हणाले. आमच्याच घरी धुण्याभांड्याला तिला बोलावता आलं असतं. सुचलं होतं. पण कॉलनीत कुणी काही म्हणेल, ही भीतीही त्याच क्षणी सुचली.

नंतर कळलं की तिला हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासायचं काम मिळालं. दिवसभर तिच्यासमोर येणारे ग्लास कसले असतील, हे सांगायला नको. तळाशी थोडी उरलेली असेलच. जाते, एकदा जाऊन येते, असं मी उन्हाळाभर म्हणत राहिले. शाळा सुरू झाली. श्रावणात सीताअक्कांचा निरोप आला, विमल गेली.

दहाव्याला मी गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. काविळीने गेली, असं एकजण म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कावीळ हा सोयीचा शब्द होता. मीही मान हलवली असती. तेवढ्यात रेखा आतून आली. दहावी झाली होती तिची, पास झाली होती. हातातली पाण्याची कळशी तिने खाली ठेवली.

"कावीळ नही," ती म्हणाली. "दारू. मनी माय दारू पे. अन् पाच महिना तिनी सोडेल बी व्हती. एकटीनी. एक सांगशात तं दुसरं बी सांगा."

सीताअक्का उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी बसूनच राहिले.

रेखा आता भुसावळला असते. एका दवाखान्यात आयाचं काम करते, बाहेरून बारावीही झाली. यंदा कापूस फुटलेला पाहिला आणि हे लिहायला घेतलं, तेव्हा मी तिला फोन केला. तुझ्या आईबद्दल लिहितेय, चालेल का, असं विचारलं. मागे कुठेतरी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता.

"काय काय लिहिलं?"

मी सगळं सांगितलं. भिंतीवरचा कापूस, ते फोन, भरीत. माझं 'बघते, कळवते'सुद्धा. "त्याबद्दल तुझी माफी मागायची राहिली होती," मी म्हणाले.

"ते लिहा," ती म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

"नाव मी बदलते," मी म्हणाले. "तुला त्रास नको."

"नका बदलू, मॅडम. आमच्या वॉर्डात अशा बायका येतात. केसपेपरवर खोटं नाव सांगतात, काही तर नावच सांगत नाहीत. माझ्या आईचं खरं लिहा. पुढे नवऱ्याचं लावू नका, बापाचंही नको." कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिला जायचं होतं. फोन ठेवण्याआधी ती घाईने म्हणाली, "नुसतं विमल लिहा."